वेगळी चूल

गोळीबार चौकात, जिथे बाबांचा माग होता
त्याच खड्ड्यावर फरशी घालून
माझं हे फॉर्म भरायचं दुकान.
कॉम्प्युटर एक. तोही भाचीनं टाकलेला, जुना.
मे महिन्यात कूलरसमोर त्याला बसवते
आणि मी बाजूला, घामात.

पहिल्या वर्षी सगळी गिऱ्हाइकं एकाच ब्राउझरात होती.
निनाव्यांच्या पेन्शनमध्ये पराते मास्तरांचं नाव आलं,
एका पोरीच्या नीटच्या अर्जाला
किराणावाल्याचा फोटो चिकटला, मिशीसकट.
तेव्हापासून ज्याचं त्याचं प्रोफाइल.
कोपऱ्यात गोल टिकली, आत अक्षर.
नि हिरवी, प जांभळी,
झेरॉक्सवाल्या रफीकभाईंची निळी.
एकाचा पासवर्ड दुसऱ्याला ओळखत नाही,
एकानं काय शोधलं ते दुसऱ्याला सुचत नाही.
कोणी घाबरलंच तर सांगते,
मशीन एक आहे बाई, पण चुली वेगळ्या.

माझंही आहे एक. करडी टिकली, नाव दिलं नाही.
त्यात काय उघडते
ते इथे लिहिणार नाही.

दोन टिकल्यांत मात्र अक्षर एकच, हे.
केशरी हे म्हणजे देवराव हेडाऊ.
मंगळवारी येतात, गुडघ्याच्या ऑपरेशनचे दर पाहतात,
पाहतात आणि "राहू दे" म्हणतात.
गुलाबी हे म्हणजे त्यांची बायको, सिंधूकाकू.
शुक्रवारी, भर दुपारी, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून.
घर एकच, मागच्या गल्लीत.
ते वर, त्या खाली.
अकरा वर्षं झाली, बोलणं नाही.
मोहल्ल्यात विचारलं तर तीन कारणं मिळतात,
एक म्हैस, एक मेहुणा,
आणि एक, जे बायका आवाज खाली आणून सांगतात
आणि दरवेळी वेगळं सांगतात.

मी त्या दोघांच्या खिडक्या एकाच वेळी उघडत नाही.
मशीनला चालतं.
मलाच चालत नाही.

या शुक्रवारी काकू वेगळ्या रेशनकार्डासाठी आल्या.
पिशवीत कागद, कागदांवर डबी,
डबीत माझ्यासाठी कैरीचा तक्कू.
आधार नंबर टाकला. पडद्यावर आलं,
नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे,
आणि त्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे.
ते मला पाठ होते.
केशरी टिकलीतले.

काकूंना सांगितलं. त्या कूलरच्या जाळीकडे पाहत राहिल्या.
"तवा घरात फोनच एक होता," म्हणाल्या.
मग, बऱ्याच वेळानं,
"लाव."

स्पीकरवर लावला.
"काका, तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत."
"कायचे?"
खोटं बोलता आलं असतं.
रोज दहा जणांशी बोलते, हॅलो, सर्व्हर डाऊन आहे.
"काकूंच्या कार्डाचे. वेगळ्या."

आमच्या कूलरचा पंप.
पलीकडे कुठला तरी खडखडता पंखा.
मग चष्म्याची डबी उघडल्याचा टक्.
"लिव," ते म्हणाले.
"चार."
थांबले.
"शून्य. शून्य."
एकेक आकडा, जिना उतरावा तसा,
दुखऱ्या गुडघ्याला आधी विचारून.
"नऊ.
दोन.
सात."

टाकले. हिरवी खूण आली.
गुलाबी खिडकीतलं पान पुढे सरकलं,
आता फक्त सबमिट.

तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं,
फोनला कळणार नाही असं.
"आइकू नाही आलं म्हण," त्या ओठांनीच म्हणाल्या.
"पुन्हा सांगाले सांग."

"काका, आवाज तुटतोय," मी म्हणाले.

"चार," ते म्हणाले.
या वेळी जरा मोठ्यानं.